बोटीचं दावं

१

नवीकोरी वस्तू मी जन्मात घेतलेली नाही. माझा रेडिओ जुना, सायकल जुनी, जीप तर लष्कराच्या लिलावातली. भिंगारच्या बाजारात माझं गॅरेज आहे आणि लोक मला मच्छिंद्र मिस्त्री म्हणून ओळखतात. मिस्त्रीला नवी वस्तू घेण्यात कसली मजा? जुनी वस्तू घ्यावी, ठोकावी, ऐकावी, तिची खोड मोडावी. माझी बायको चांगुणा सोनईच्या शेतकरी घरातली. ती म्हणायची, "तुमी मला तेवढी नवी कशी काय केली?"

तर त्या वर्षी, म्हणजे दुष्काळ सरून मुळा धरण भरलं त्या वर्षी, मला बोटीचं वेड लागलं. दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाइकाचा ट्रक धरणावर बंद पडला म्हणून गेलो होतो. समोर एवढं पाणी! दोन वर्षं आम्ही घागरीकडे डोळे लावून बसलेली माणसं, मला ते बघून नाचावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी मला बनू आठवली.

बनू आमची एकुलती एक. लहानपणी तापात तिचा डावा पाय बारीक झाला. चालायची, पण ओढत, आणि संध्याकाळी पाय धरून बसायची. दर सव्वीस जानेवारीला शाळेत पळण्याच्या शर्यती व्हायच्या आणि ती सगळ्यांच्या चपला सांभाळायला बसायची. मला ते बघवायचं नाही. पाण्यावर कुणाला पाय लागतात? बोटीत सगळे बसलेलेच असतात. दर रविवारी आम्ही तिघं बोटीतून फिरायचं, स्टोव्हवर चहा करायचा, बनूनं सुकाणू धरायचं. विचार करूनच माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पहिली बोट बघितली ती एका कोळ्याची. तळाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर लोण्यात गेल्यासारखा आत गेला. दुसरी लष्करी मोडीतली पत्र्याची. तिला इतकी ठिगळं होती की मूळ बोट कोणती आणि ठिगळ कोणतं, हे सांगता येईना. "आता तरी नाद सोडा," चांगुणा म्हणाली. पण हौसेला मोल नसतं म्हणतात. मी तिसरी शोधून काढली.

२

तिसरी होती गहिनीनाथरावांची. राहुरीच्या पुढं, धरणाच्या अगदी काठावर त्यांचं घर. धरणाच्या कामावर त्यांनी खडीचे ठेके घेतले होते, आणि साहेबलोकांना पाण्यावरून फिरवायला मुंबईहून ट्रकवर घालून एक लाँच आणवली होती. आता पेट्रोल एकदम महागलं आणि साहेबही गेले, म्हणून विकायची होती.

काय लाँच होती! पुढे छोटीशी केबिन, तिच्यात समोरासमोर दोन बाकं, स्टोव्हला जागा, गोल काचेच्या खिडक्या. मागे उघडी बैठक. पांढरा रंग, आणि पाण्याच्या वर वीतभर एक लाल पट्टा, असं गहिनीनाथरावांनी सांगितलं. सांगितलं म्हणतो, कारण पट्टा मला दिसला नाही. वाकून बघितल्यावर तो पाण्याखाली दिसला.

"लाकूड पाणी प्यालंय," मी म्हणालो.

"आसंल," ते म्हणाले.

पण मी ठोकून बघितलं तर लाकूड खणखणीत वाजलं. तळाशी पाणी नव्हतं. इंजिनाचं ऑइल बोटावर घेतलं. त्याला दुधाचा रंग आला असता तर पाणी शिरलंय म्हणून समजायचं, पण ऑइल काळंभोर, स्वच्छ. पंखा सरळ, शाफ्ट सरळ. दोन झटक्यांत इंजिन असं बोलायला लागलं की मी गहिनीनाथरावांच्या पाठीवर थापच मारली. एवढी निरोगी जुनी वस्तू मी आयुष्यात पाहिली नव्हती. मग ती एवढी खाली का बसली होती? मी मनात म्हटलं, पट्टा रंगवणाऱ्याचा हात चुकला असेल. माणसाला एखादी गोष्ट हवीच असली की त्याला कारणं सुचतात.

इथं माझ्या कानाबद्दल सांगायला हवं. मला पाठमोरं उभं करून गाडीतून माणसं उतरवा, किती उतरली ते मी सांगतो. माणूस उतरला की चाकावरचा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंग, हलका होतो, कुरकुरतो आणि गाडी जराशी वर येते. गॅरेजात यावर पैजा लागायच्या, आणि मी हरत नसे.

तर बघून झाल्यावर गहिनीनाथराव आधी उतरले, घाईघाईनं. बोट वर आली. मग मी फळीवरून काठावर आलो. बोट वर आली. मी पाठ वळवून बिडी पेटवली.

आणि बोट पुन्हा एकदा वर आली. पाणी डुबुक वाजलं. मग फळी कुरकुरली, आधी पाण्याकडची बाजू, मग मधला भाग, मग काठाची.

मी वळून बघितलं. कुणी नव्हतं. बोट बांधलेला जाडजूड दोर तेवढा ताणलेला होता.

"लाट आली वाटतं," मी म्हणालो.

गहिनीनाथरावांनी पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. "व्हय, लाटच," ते म्हणाले, "मग, कवा नेताय?"

३

सौदा पक्का करायला मी चांगुणाला आणि बनूला घेऊनच गेलो. गहिनीनाथरावांची बायको, भागूबाई, ओसरीवर बाजेवर बसली होती. गोरीपान, हसऱ्या तोंडाची बाई. बाज नवीनच विणलेली असावी, दोऱ्या अगदी ताठ होत्या. आणि भागूबाईंच्या मांडीवर वरवंटा होता. मसाला वाटायचा दगडी वरवंटा, दोन्ही हातांनी कवटाळून धरलेला.

मी चांगुणाकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच गप्प केलं. मागून कानात म्हणाली, "लेकरू गेलं आसंल बिचारीचं." बारशाला पाळण्याखालून वरवंटा देतात, त्याला कुंची घालतात, बाळाच्या आधी त्याला पाळण्यात निजवतात. रिकाम्या कुशीची बाई दुसरं काय मांडीवर घेणार? चांगुणाला भरून आलं. तिने पुढे होऊन भागूबाईंना हळदकुंकू लावलं. भागूबाईंनी कपाळ पुढे केलं, पण वरवंट्यावरचे हात काही काढले नाहीत आणि बाजेवरून उठल्याही नाहीत.

त्या बनूकडे बघत होत्या. "पाय दुखतोय का गं तुजा?"

"संध्याकाळी दुखतो," बनू म्हणाली.

"माजं गुडगं लई दुखायचं. बोटीत बसाया लागले आन् थांबलं बग. आता कायबी दुखत न्हाई."

ऐकलंत? मला तर देवच पावला. पाण्यावरची हवा, दुसरं काय! मी त्याच पावली जाऊन सौदा मिटवला.

चांगुणाने बोटीच्या नाकाला हळदकुंकू लावून नारळ फोडला. मी दोर सोडायला वाकलो तशी ती म्हणाली, "थांबा. दावं त्यांचं त्यांना द्या. आपुन आपलं आणलंय." आणि गहिनीनाथरावांकडे वळून म्हणाली, "पाटील, जनावर इकताना धनी दावं देत न्हाई. दाव्यासंगं गोठ्याची लक्ष्मी जाती."

आमच्याकडे ही रीत आहे. बैल विकला तरी दावं मालकाकडेच राहतं, घेणाऱ्याने आपलं आणायचं असतं. खडीचा ठेकेदार झाला तरी माणूस शेतकऱ्याचाच, गहिनीनाथरावांना हे ठाऊक नसणार कसं?

"ते काय जनावर हाय का, बाई? लाकूड हाय ते," ते म्हणाले. त्यांनी स्वतः दोर सोडला, त्याचं वेटोळं केलं आणि माझ्या दोन्ही हातांत ठेवलं. "दोर बी न्या, मिस्त्री. चांगला हाय." मग त्यांनी धोतराला हात पुसले. पुसतच राहिले.

एवढा जाड, एवढा पिळदार दोर आणि तो फुकटात! मी कशाला नाही म्हणतोय? दोर ओला होता आणि विलक्षण जड होता.

४

पहिला रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. चांगुणाने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. मी बोटीत उतरलो, बोट खाली गेली. चांगुणा उतरली, बोट खाली गेली. मग मी बनूला उचलून आत ठेवलं, आणि बोट हललीच नाही.

"आमची बनू म्हणजे फूल आहे फूल!" मी म्हणालो. ती खिदळली. मी काठावरचा दोर सोडून आत टाकला, तेव्हा बोट हळूहळू, एखादा जाडजूड पाहुणा सावकाश टेकतो तशी, खाली बसली. चांगुणाने बाकाची कड धरली.

"कोण आलं?" तिने विचारलं.

"दोर ओला आहे गं," मी म्हणालो. आणि एकदा इंजिन बोलायला लागल्यावर कोण कशाला काय विचारतंय! पाणी दोन्ही बाजूंनी फाटत गेलं, बगळे उठले, बनूनं सुकाणू धरलं आणि जोरात आरोळी ठोकली. चहा सांडला, धपाटे भिजले. माझ्या बायकोचा पदर वाऱ्याने उडाला आणि ती लग्नात हसली होती तशी हसली. मी खूश होतो. लपवायचं कशाला, रडायच्या बेताला आलो होतो.

उतरल्यावर बनू फळीवरून चालत काठावर आली, मला न धरता.

"आण्णा," ती म्हणाली, "आज पाय दुखत नाही."

५

मग रविवारी कोण घरी बसतंय! आम्ही दर आठवड्याला जायचो, आणि दर आठवड्याला बनूचा पाय सुधारायचा. ओढणं थांबलं. मग ती भराभर चालायला लागली. एका संध्याकाळी शाळेतून उड्या मारत आली आणि शेजारच्या रंगुबाई कौतुकानं ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. पाय तसाच बारीक होता, पण तो आता तिला जड होत नव्हता. मी बाजारात दिसेल त्याला सांगत सुटलो, "सव्वीस जानेवारीला या शाळेच्या मैदानावर! आमची बनू पळणार आहे!"

बोट मात्र दर रविवारी जरा जरा खाली बसत होती. लाल पट्टा आधी निदान वाकलं की दिसायचा, आता हात घालून चाचपावा लागे. मी तळ पुन्हा तपासला. कोरडा ठणठणीत.

आणि केबिन. आम्ही मागे उघड्यावर बसायचो. केबिनमध्ये कुणी बसत नसे. का, ते आम्ही कधी बोललो नाही. एकदा मी स्टोव्ह आणायला आत वाकलो. डाव्या बाकावर आम्ही दोराचं वेटोळं ठेवायचो. बाकाची गादी दोराच्या जागी दबलेली होती, ते ठीक. पण दोराच्या शेजारीही दबलेली होती. मी बघत असतानाच तो खळगा भिंतीकडे सरकला, आत येणाऱ्याला वाट द्यावी तसा.

मी स्टोव्ह घेऊन बाहेर आलो. गादीत काथ्या असतो, काथ्या सरकतो, असं मी स्वतःला समजावलं. बनू सुकाणूवर गाणं म्हणत होती. तिचं गाणं ऐकल्यावर काथ्याचं म्हणणं मला पटलं.

चांगुणाला मात्र ते पटलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, आपुन तिघं उतरलो. बोट किती येळा वर आली?"

मला पैज लावायची सवय, पण मी खिशात बिडी शोधायला लागलो.

"मी मोजलंय," ती म्हणाली. "बनू उतरली तवा ती वर आली न्हाई. आन् सगळी उतरल्यावर आली. इका ती. लेकीचा पाय बरा झालाय, देवाची किरपा. आता इका."

६

खरं सांगायचं तर माझा जीव तुटत होता. पण पाय बरा झाला होता, पेट्रोल परवडत नव्हतं, आणि चांगुणा एकदा 'इका' म्हणाली की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. मासळीचे ठेके घेणारे रंभाजी म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी बोट बघितली आणि लगेच पसंत केली.

"दोर?" रंभाजींनी विचारलं.

"दावं मिळायचं न्हाई," चांगुणा ठसक्यात म्हणाली. "त्या पाटलांनी रीत मोडली, आमी न्हाई मोडायचो. आमच्या घरची लक्ष्मी आमच्याकडं ऱ्हाईल."

मी दोर सोडून कसाबसा खांद्यावर घेतला. आणि बोट वर आली. सावकाश, पाणी गाळत, वीतभर वर. लाल पट्टा उन्हात चमकायला लागला. गहिनीनाथराव म्हणाले होते, अगदी तसा.

"आरं वा! लई हलकी हाय की!" रंभाजी म्हणाले.

मीही हसलो. मग मी दोर जीपच्या मागच्या बाजूला टाकला. कमानपाटे असे कण्हले की मी नकळत वळून बघितलं. जीपमध्ये नुसता दोर होता.

घरी आल्यावर चांगुणा उतरली, कमानपाटा बोलला. बनू टुणकन उडी मारून उतरली. कमानपाटा बोलला नाही. पोरगी किती चपळ झाली, मी म्हटलं.

"आण्णा, या दोराचा झोका बांधा ना!" बनू म्हणाली.

झोके नागपंचमीचे, पण आमच्या घरी मुहूर्त कोण बघतो? परसात कडुनिंब आहे. त्याच्या आडव्या फांदीला मी झोका बांधून दिला. बनू तासन् तास झोके घ्यायची. एवढे उंच की शेवटी चांगुणा ओरडायची. फांदी वाकायची. जाड फांदी होती, पण वाकायची.

७

शर्यतींच्या आदल्या दिवशी बनू दुपारीच घरी आली. शाळेत सराव झाला होता आणि तिच्या वर्गातली एकही मुलगी तिला गाठू शकली नव्हती. मी गॅरेज बंद केलं, जिलेबी घेतली आणि जवळजवळ पळतच घर गाठलं. ती झोक्यावर होती. मला बघून झोक्यावरून उडी टाकून ती धावत आली. माझी बनू धावत आली. मी जिलेबीचा पुडा ओट्यावर टाकला, हात पसरले आणि तिला उचललं.

भरलेली समजून घागर उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसं झालं. माझे हात जोरात वर गेले. बनू माझ्या डोक्यावरून उंच गेली आणि सावकाश, अगदी सावकाश खाली आली. मी तिला पकडलं. ती हसत होती. तिचे गाल गरम होते, छाती धडधडत होती, तोंडाला चिंचेचा वास येत होता. सगळं होतं. वजन नव्हतं.

मी झोक्याकडे बघितलं. झोका रिकामा होता, आणि फांदी वाकलेली होती. बनू उतरली तेव्हा ती वर गेलीच नव्हती. पाट जमिनीपासून चार बोटांवर आला होता.

मला इतका राग आला की भीती वाटायला सवडच मिळाली नाही. बनूला कडेवर तसंच ठेवून मी गेलो आणि एका हाताने गाठ ओढली. फांदी सपकन वर गेली, निंबाचा पाला आमच्यावर पडला, आणि दोराचं सगळं ओझं माझ्या मुठीत आलं. माझा खांदा निखळायचा राहिला. आता हा दोर फरफटत जीपमध्ये घालायचा, धरणावर न्यायचा आणि मधोमध बुडवायचा, नाहीतर गहिनीनाथरावांच्या दारात टाकायचा, असं मी ओरडून सांगत होतो. कुणाला, कोण जाणे.

"सोडू नका!"

चांगुणा दारात उभी होती. पिठाचे हात तसेच. तिने किती वेळ बघितलं होतं, माहीत नाही.

"सोडू नका दावं," ती पुन्हा म्हणाली, आता हळू. "पाटलांनी दिलं. दावं देऊन मोकळे झाले. पन भागूबाईच्या मांडीवरनं वरवंटा उतरला का?"

मला ती बाज आठवली. तिच्यावर ती गोरीपान बाई बसली होती, तरी बाजेच्या दोऱ्या ताठच होत्या.

माझ्या एका हातात दोर होता आणि दुसऱ्या हातात माझी मुलगी. दोराचा हात खाली ओढला जात होता. बनूला धरलेल्या हाताला काही जाणवतच नव्हतं. त्या दोरात जे होतं त्यात माझ्या बनूचं किती होतं, आणि इतर कुणाकुणाचं होतं? दोर मुठीत एकदा हलला, झोपेत कूस बदलावी तसा. मी मूठ आणखी घट्ट केली.

वारा सुटला. मघापासून नव्हता, तो आता सुटला. निंबाची पानं उडाली, जिलेबीचा कागद उडाला, आणि बनूने माझी मान घट्ट धरली. "आण्णा," ती म्हणाली, पहिल्यांदाच जरा घाबरून.

चांगुणा आत गेली. स्वयंपाकघरात पाट्यावर दगड घासल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, तिने बनूला माझ्या कडेवरून घेतलं, ओट्यावर बसवलं आणि वरवंटा तिच्या मांडीवर ठेवला.

"शी, आई, हा ओला आहे! मसाला लागलाय!"

"आसू दे. दोन्ही हातांनी धर."

बनूने धरला. तिची वेणी वाऱ्यावर उडत होती, परकराची कड उडत होती, पण ती बसून राहिली. मी दोर धरून उभा होतो. खांदा भरून आला होता, तरी दुसऱ्या हातात घ्यायचं धाडस होत नव्हतं.

ती आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने विचारलं, "आई, उद्या पळताना पण हा धरायचा का?"